मते कुणी कुजवली? १९५२ ची मुंबई, मॉस्कोचा हात आणि दुसऱ्या मताची जात

निवडणूक जवळ आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. बाबासाहेबांना १९५२ साली कुणी पाडले? एका मजकुरात उत्तर असते काँग्रेस. दुसऱ्यात असते कम्युनिस्ट, आणि त्याला मॉस्कोच्या आदेशाची फोडणी दिलेली असते. ज्यांनी आयुष्यात कधी बाबासाहेबांचे एक पान वाचले नाही, त्यांनाही या प्रश्नाचा अचानक कळवळा येतो. हा प्रश्न विचारणाऱ्याला बाबासाहेबांच्या पराभवाचे दुःख नसते, त्याला या निवडणुकीत आपली मते हवी असतात. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) वस्त्यांमधल्या अभ्यासवर्गांत तरुण मुले आम्हाला हाच प्रश्न विचारतात आणि त्यांच्या हातात पुराव्यादाखल मोबाइल असतो. म्हणून त्या निवडणुकीचे आकडे एकदा नीट मांडून बघू.

देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ पासून फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. त्याआधीचा सप्टेंबर महिना लक्षात घ्या. १ सप्टेंबर १९५१ रोजी आपल्या शहरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल गुंडाळले गेले, हे कारण सगळ्यांना पाठ आहे. पण राजीनाम्याच्या निवेदनात परराष्ट्र धोरणही होते. वर्षाला ३५० कोटी रुपये महसूल आणि त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर, हे गणित त्यांनी त्यात मांडले आणि आपल्याला मित्रच उरले नाहीत म्हणून हा खर्च वाढतो, असे बजावले. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यातही काश्मीर होते, चीन होता. म्हणजे ती निवडणूक केवळ रस्ते आणि पाण्याची नव्हती. जग दोन गटांत वाटले जात होते आणि त्याचे पडसाद मुंबईच्या चाळींपर्यंत पोचले होते.

फेडरेशनने समाजवादी पक्षाशी युती केली. हिंदू महासभा आणि संघ यांच्याशी हातमिळवणी नाही, कम्युनिस्टांशीही नाही, हे जाहीरनाम्यात स्वच्छ लिहिले होते. मुंबई शहर उत्तर या मतदारसंघात सर्वसाधारण जागेवर समाजवाद्यांचे अशोक मेहता आणि राखीव जागेवर बाबासाहेब अशी जोडी उभी राहिली. काँग्रेसची जोडी होती विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर. कम्युनिस्ट पक्षाकडून एकटे श्रीपाद अमृत डांगे. राखीव जागेवर त्यांच्या पक्षाने कुणी दिलाच नाही. हे ‘एकटे’ असणेच पुढे सगळ्या वादाचे मूळ ठरले.

तेव्हाची पद्धत आजच्या पोरांना ठाऊक नाही. आज एका मतदारसंघातून एक खासदार जातो. तेव्हा काही मतदारसंघ दोन जागांचे असत, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे आणि मतपत्रिकेवर शिक्का न मारता ती हव्या त्या पेटीत टाकायची असे. अट एवढीच की दोन्ही मते एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. दिलीच तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे त्यातले एक मोजायचे आणि दुसरे बाद करायचे. या बाद होणाऱ्या मताला त्या वेळच्या मराठीत शब्द होता ‘कुजलेले मत’. धान्य कोठारात पडून कुजते, तसे मत पेटीत पडून कुजते.

निकाल असा लागला. विठ्ठल गांधी १,४९,१३८. अशोक मेहता १,३९,७४१. काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. डांगे ९६,७५५. बाकीचे तिघे खूप मागे. राखीव जागेवर काजरोळकर निवडून आले, फरक १४,५६१ मतांचा. मेहतांना काजरोळकरांपेक्षा जास्त मते पडूनही ते घरी गेले, कारण एक जागा अनुसूचित जातीच्या उमेदवारासाठी होती आणि दुसरीवर गांधी त्यांच्या पुढे होते.

आणि बाद झालेल्या मतपत्रिका होत्या ७४,३३३.

फरक साडेचौदा हजारांचा आणि कुजलेली मते पाऊण लाख! कुणाचेही डोके फिरेल. मुंबईने दिलेल्या प्रचंड पाठिंब्याचे असे कसे झाले, याची निवडणूक आयुक्तांनी चौकशी करावी, असे बाबासाहेबांनी निकालानंतर जाहीरपणे म्हटले. मग त्यांनी आणि अशोक मेहतांनी मिळून निवडणूक याचिका दाखल केली. तेव्हा अशी याचिका निवडणूक आयोगाकडे जाई, मुख्य आयुक्त होते सुकुमार सेन, आणि सुनावणी न्यायाधिकरणापुढे होई. आरोप असा की डांगे आणि इतरांनी दुसरे मत कुजवण्याचा पद्धतशीर प्रचार केला, म्हणून निवडणूक रद्द करा. याचिका फेटाळली गेली.

इथपर्यंतचा इतिहास व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरातही मोडकातोडका सापडतो. याच्या पुढचे गणित मात्र कुणी मांडत नाही.

डांग्यांच्या पक्षाला राखीव जागेवर उमेदवार नव्हता. म्हणजे त्यांच्या प्रत्येक मतदाराकडे एक मत मोकळे होते. ते बाबासाहेबांना जाऊ शकत होते, काजरोळकरांना जाऊ शकत होते, किंवा डांग्यांच्याच पेटीत पडून कुजू शकत होते. डांग्यांच्या दर सहा मतदारांमागे आणखी एकाने जरी ते मोकळे मत बाबासाहेबांच्या पेटीत टाकले असते, तर निकाल उलटा लागला असता. त्यामुळे कम्युनिस्टांवरचा ठपका पुसता येत नाही. ज्या पक्षाने कामगारांच्या एकजुटीची शपथ वाहिली, त्याच्या पाठीराख्यांकडे जगातल्या सर्वांत मोठ्या शोषित समाजाच्या नेत्यासाठी एक फुकटचे मत नव्हते. सर्वसाधारण जागेसाठी डांगे आणि मेहता यांची लढत होती हे खरे. पण राखीव जागेवर बाबासाहेब आले असते तर डांग्यांचे काय बिघडत होते?

मात्र कायदा दुसरे मत द्यायची सक्ती करत नव्हता. ते मतदाराचे होते, त्याने ते दिले नाही. त्याला चोरी म्हणता येत नाही, नकार म्हणता येतो. याचिकेची अडचणही हीच होती, पेटी फोडून पत्रिका पळवल्याचा तो खटला नव्हता.

आता जोड्यांचे आकडे पाहा. मेहता आणि बाबासाहेब एकाच युतीचे, एकाच व्यासपीठावरचे. मेहतांना १,३९,७४१ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १६,१६५. हा फरक बाबासाहेबांच्या पराभवाच्या फरकापेक्षा मोठा आहे! मेहतांना काही मते इतर गोटांतून आली असतील, काही फेडरेशनवाल्यांनी आपले दुसरे मत दिले नसेल, म्हणून हा आकडा एकास एक लावता येत नाही. तरी त्याचा रोख कळतो. समाजवाद्यांना मत देणाऱ्या स्पृश्यांपैकी हजारो लोकांचा हात दुसऱ्या मतपत्रिकेपाशी येऊन थांबला.

आणि हे फक्त समाजवाद्यांकडेच घडले का? काँग्रेसची जोडी बघा. गांधींना १,४९,१३८, काजरोळकरांना १,३८,१३७. फरक ११,००१. काजरोळकर चर्मकार समाजातले, काँग्रेसचे निष्ठावंत, त्यांच्या पाठीशी नेहरूंचे नाव आणि पक्षाची सगळी यंत्रणा. तरी काँग्रेसच्याच मतदारांपैकी हजारोंनी त्यांना मत दिले नाही, आणि त्यांच्याबाबतीत तर मॉस्कोचा काही संबंध नव्हता.

गांधी, मेहता आणि डांगे या तीन प्रमुख सर्वसाधारण उमेदवारांची बेरीज होते ३,८५,६३४. बाबासाहेब आणि काजरोळकर यांची बेरीज २,६१,७१३. हातात दोन पत्रिका आणि दोन जागा, तरी दोन बेरजांत १,२३,९२१ मतांची तफावत! काही मतदारांनी दोन्ही मते दोन सर्वसाधारण उमेदवारांना दिली असतील, काहींची कुजली, काहींनी दुसरी पत्रिका टाकलीच नसेल. कसेही मोजा, मुंबईसारख्या देशातल्या सर्वांत पुढारलेल्या म्हणवणाऱ्या शहरात ‘पहिले मत’ आणि ‘दुसरे मत’ यांत जातीची भिंत उभी होती. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही जातीच्या उतरंडीच्या व्याख्या पाठ केल्या होत्या. त्या उतरंडीचा इतका स्वच्छ तक्ता आम्हाला कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळाला नाही.

बाबासाहेबांना हे नवीन नव्हते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि जागा राखीव पण मतदार सगळे, ही व्यवस्था आली. आपला प्रतिनिधी कोण हे आपल्याइतकेच, किंबहुना आपल्यापेक्षा जास्त, इतरांनी ठरवायचे. त्यावर मुंबई प्रांतात थोडा उतारा मिळाला होता. १९३७ च्या निवडणुकीत तिथे मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवारावर टाकता येत आणि ती सगळी मोजली जात. त्या पद्धतीचा आग्रह बाबासाहेबांनीच धरला होता. स्वतंत्र मजूर पक्षाच्या यशात तिचा मोठा वाटा होता. कमी संख्येच्या समाजाने मते एकवटली की प्रस्थापितांच्या विभागलेल्या मतांवर मात करता येते. १९५१ च्या कायद्याने ती वाट बंद केली. जे १९३७ साली कायदेशीर हत्यार होते, ते १९५२ साली ‘कुजलेले मत’ झाले. पंधरा वर्षांपूर्वी मते एकाच पेटीत एकवटायला शिकलेल्या आपल्या बायाबापड्यांपैकी किती जणींनी १९५२ लाही भक्तीने दोन्ही पत्रिका बाबासाहेबांच्याच पेटीत टाकल्या असतील? तेव्हा ७४,३३३ चा सगळा आकडा एकट्या डांग्यांच्या खात्यावर मांडून मोकळे होणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे.

आता मॉस्को.

कम्युनिस्ट पक्षावर परदेशाचा प्रभाव होता का? होता. १९५१ च्या सुरुवातीला अजय घोष, डांगे, सी. राजेश्वर राव आणि एम. बसवपुन्नय्या हे चौघे मॉस्कोला जाऊन स्टालिनला भेटले. त्यानंतर पक्षाची दिशा बदलली, तेलंगणातला सशस्त्र लढा त्याच वर्षी मागे घेतला गेला आणि पक्ष निवडणुकीत उतरला. आपल्या देशातल्या कष्टकऱ्यांनी बंदूक धरावी की मतपेटी, हे ठरवायला मॉस्कोला जावे लागणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि आम्ही ती तशीच म्हणतो. पण मुंबई उत्तरमधल्या चाळीत दुसरी पत्रिका कुठल्या पेटीत टाकायची, हे स्टालिनने सांगितले असे म्हणणारे लोक आपल्याच शेजाऱ्यांना सोडवत असतात. जातीय आकस पुरवायला रशियातून जहाज यावे लागत नाही. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी विचारले होते की विणकाम खात्यात अस्पृश्यांना का घेत नाही. धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून स्पृश्य कामगारांना त्यांचा विटाळ होत होता. लाल बावट्याखालच्या त्याच कामगारांनी चोवीस वर्षांनी मत दिले. मधल्या काळात ७ नोव्हेंबर १९३८ चा संप झाला. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले होते. रस्त्यावर एकी झाली, पण पेटीपाशी ती टिकली नाही.

‘परकीय हस्तक’ हा शिक्का या देशात सगळ्यात आधी कुणावर मारला गेला, तेही आठवा. गोलमेज परिषदेला गेल्यापासून बाबासाहेबांना इंग्रजांचे हस्तक म्हणणारे काँग्रेसवालेच होते. कम्युनिस्टांच्या बोलण्यातही ते साम्राज्यवाद्यांच्या बाजूचे ठरत. १९९७ साली अरुण शौरींनी त्यावर जाडजूड पुस्तक लिहिले. आणि भीमा कोरेगावनंतर २०१८ पासून काय झाले ते आपण पाहिलेच आहे. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, शरण जावे लागले. दलितांनी स्वतःच्या डोक्याने विचार केला की त्या विचाराचा बाप परदेशात शोधायचा, ही जुनी खोड आहे. म्हणून आम्ही मॉस्कोच्या गोष्टीला टाळ्या वाजवत नाही. आज ती डांग्यांवर चालवून पाहतात, उद्या आपल्यावर फिरवतील.

मुंबईचा निकाल म्हणजे देशभरच्या फेडरेशनचा निकाल, असेही नाही. त्याच निवडणुकीत, त्याच कायद्याखाली फेडरेशनचे दोन खासदार निवडून आले. सोलापुरातून पां. ना. राजभोज आले. तिथल्या दुसऱ्या जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे जिंकले. करीमनगरमधून एम. आर. कृष्णा आले, आणि तिथली दुसरी जागा पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या बद्दम येल्ला रेड्डी यांनी जिंकली. हा फ्रंट म्हणजे हैदराबाद राज्यात बंदी असलेल्या कम्युनिस्टांचेच निवडणुकीतले रूप. मुंबईत ज्या लाल बावट्याने बाबासाहेबांना एक मत दिले नाही, त्याच बावट्याच्या मुलखात फेडरेशनचा माणूस खासदार झाला! आणि ते करीमनगर तेव्हा आपल्याच राज्यात होते, कारण मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. राज्याच्या नात्याने औरंगाबादकरांना मुंबईपेक्षा ते आपले होते. मॉस्को एकच होती, पक्ष एकच होता, मग निकाल दोन कसे लागले? तेलंगणात देशमुख-जमीनदारांविरुद्ध खेड्यातला भूमिहीन आणि छोटा कुळवाडी काही वर्षे एका बाजूला उभा राहिला होता. मुंबईत तशी घुसळण झालेली नव्हती. गिरणीत दोघे एका छताखाली होते, पण खाते वेगळे, पाण्याचा माठ वेगळा.

१९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली. पुन्हा दोन जागा, पुन्हा अशोक मेहता आणि बाबासाहेब, पुन्हा समोर काँग्रेस. मेहता निवडून आले. बाबासाहेब भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांच्या आसपास मतांनी पडले. चळवळीतले जुने लोक सांगत आले आहेत की तिथे आपल्या कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवले होते, आपण आपले दुसरे मत कुजवू, ते कुणालाच द्यायला नको. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने राज्यघटना लिहिली, त्याने आपल्या माणसांना मत वाया घालवायला सांगायचे नाही. फेडरेशनची मते मेहतांना गेली, मेहता लोकसभेत गेले आणि उलट दिशेने पुरेशी मते आली नाहीत. दोन वर्षांत दोनदा तेच घडले, आणि भंडाऱ्यात तर डांगेही नव्हते. पुढे १९५५ साली फेडरेशनने विधिमंडळातल्या राखीव जागाच रद्द करा असा ठराव केला, तो या अनुभवातून आलेला होता. आज राखीव जागांवर बसून पक्षश्रेष्ठींच्या मागे माना डोलावणाऱ्यांना तो ठराव कुणी आठवण करून देत नाही. कांशीराम यांनी पुणे कराराच्या पन्नाशीला, १९८२ साली, असल्या प्रतिनिधींना ‘चमचे’ म्हटले तेव्हा अनेकांना राग आला होता.

बाबासाहेब गेले आणि तीन महिन्यांत १९५७ ची निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्र समितीत फेडरेशन होते, समाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता आणि डांगेही होते. मुंबई शहर मध्य हा दोन जागांचा मतदारसंघ. सर्वसाधारण जागेवर डांगे, राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळुजी माने. दोघेही निवडून आले. म्हणजे पाच वर्षांपूर्वी जे दुसरे मत कुजत होते, ते या वेळी फेडरेशनच्या पेटीत पडले. दादासाहेब गायकवाड नाशिकहून आले, बी. सी. कांबळे कोपरगावहून. भाषेच्या राज्याच्या प्रश्नाने जे करून दाखवले, ते वर्गाच्या प्रश्नाला जमले नव्हते. स्पृश्य मतदाराला या वेळी स्वतःचे काही मिळवायचे होते, त्याला मुंबई हवी होती, आणि त्यासाठी आपल्या मतांची गरज होती. गरज होती तेवढ्यापुरती भिंत खाली आली. हे कटू वाटेल, पण १९६० नंतर समितीचे आणि आपल्या लोकांचे काय झाले ते पाहिले की दुसरा अर्थ लावता येत नाही.

औरंगाबादमध्ये तर तेही झाले नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण हैदराबादमधून द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि चार महिन्यांत मतदान केले. समितीची लाट पश्चिम महाराष्ट्रात उसळली. इकडे काँग्रेसचे बळ टिकले, औरंगाबादमधून स्वामी रामानंद तीर्थ निवडून आले. ज्या शहरात बाबासाहेबांनी महाविद्यालय उभे केले, त्या शहरातून फेडरेशनचा माणूस दिल्लीला गेला नाही. आपल्याकडे निझामाविरुद्धच्या लढ्याचा मान काँग्रेसकडे होता, आणि त्या लढ्यात दलितांचे स्थान काय होते, हा प्रश्न विचारायची सोय नव्हती.

दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. तेही आपल्या तक्रारीमुळे नव्हे. १९५७ साली आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पडले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथेही गिरी हरले. सर्वसाधारण म्हणवणारी जागा आदिवासीने जिंकली आणि चार वर्षांत अख्खी पद्धत मोडीत निघाली. ७४,३३३ मते कुजली होती, तेव्हा मात्र कुणाला पद्धतीत दोष दिसला नव्हता.